खुणेची खोकी

आमच्या वन्सं विषाणूंच्या शास्त्रज्ञ. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारायला गेले नाही. मी या घरात आले तेव्हा त्या जिन्यालगतच्या खोलीत राहत होत्या, अजूनही तिथेच राहतात. खोली चांगली ऐसपैस, दोन खिडक्यांची, उजेडाची. पण ती त्यांची कधी नव्हतीच. ती पुस्तकांची होती आणि वन्सं तिथे पुस्तकांच्या परवानगीने झोपायच्या.

पुस्तकं तरी कसली? उशाला घेतली तर मान मोडेल असली. एकेक हातात धरायचं म्हणजे दोन्ही हात लागायचे. सगळी विषाणूंवरची. विषाणू दिसतो कसा, शिरतो कसा, वाढतो कसा, मरतो कसा आणि मेला असं वाटत असताना जिवंत कसा राहतो. एकदा मी सहज एक उघडलं, त्यातलं एक रंगीत चित्र बघितलं आणि रात्री जेवले नाही. तेव्हापासून त्या कपाटांवरची धूळसुद्धा वन्संच पुसायच्या.

बाई हुशार, यात वाद नाही. पण त्यांच्याबरोबर राहणं म्हणजे परीक्षा. आपण संडासातून आल्यावर हात धुतो, त्या जायच्या आधीही धुतात. दार कोपराने उघडतात. पेनाचं टोपण कोणी चावलं तर ते पेन कचऱ्यात. बोटाला थुंकी लावून पान उलटणं हा त्यांच्या लेखी गुन्हाच. एकदा मी सुईत दोरा ओवायला दोऱ्याचं टोक ओठांत धरलं, तर पलीकडून ओरडल्या, "अगं, तोंड हा दरवाजा आहे! असा उघडा टाकू नकोस!" माझ्या तोंडाबद्दल या घरात बऱ्याच जणांचं हेच मत आहे, त्यामुळे मी गप्प बसले.

या सगळ्यामागे एक कारण आहे, ते सांगायला हवं. त्यांच्या प्रयोगशाळेत एक कारकून होता. सज्जन, कामसू, जरा जास्तच काळजी करणारा. विषाणूंच्या खोलीतून जे जे टाकाऊ निघतं ते खोक्यात बंद करून, वर नारिंगी खूण चिकटवून भट्टीत जाळतात. तीन चंद्रकोरी एकमेकींत अडकवल्यासारखी ती खूण असते. एके दिवशी असंच एक खोकं जाळायला चाललं होतं, त्याचं झाकण जरा उचकटलेलं होतं आणि वरती कागद दिसत होते. याला वाटलं, अरे, ऑफिसची फाइल चुकून गेली वाटतं! त्याने हात घालून ती काढली, झटकली, टेबलावर ठेवली. थोड्याच दिवसांत त्याला ताप आला आणि त्या तापातून तो उठला नाही.

वन्सं त्याच्या घरी जाऊन आल्या. मग त्यांनी एक नियम लिहिला, तो पुढे सगळीकडे लागला. खूण असलेलं खोकं उघडायचं नाही. आत काय दिसतंय ते बघायचं नाही. कोणाला विचारत बसायचं नाही. जसंच्या तसं, त्याच दिवशी भट्टीत. हा नियम शिकवत त्या दवाखाने, कॉलेजं, विद्यापीठं फिरल्या. डॉक्टरांना कमी आणि झाडूवाल्यांना, शिपायांना, भट्टीवाल्यांना जास्त शिकवलं. मी एकदा मागच्या बाकावर बसून ऐकलंय. "डोळ्यांवर विश्वास ठेवू नका," असं टेबलावर हात आपटून सांगत होत्या. "डोळ्यांना कागद दिसतो, विषाणू दिसत नाही. खुणेवर विश्वास ठेवा."

निवृत्त झाल्या तेव्हा प्रयोगशाळेत कोऱ्या खोक्यांचा एक गठ्ठा पडून होता. नवीन माप आलं म्हणून जुनं टाकून देणार होते. खूण छापलेली, पण कधी काही न भरलेली खोकी, जाड पुठ्ठ्याची, एकदम दणकट. वन्संनी ती घरी आणली. वाया जाऊ देणं हे आमच्या घराण्याच्या रक्तात नाही. माझ्या रजया त्यात, जुने पंखे त्यात, मुलांचे लहानपणचे कपडे त्यात. एकदा गॅसवाला दुरुस्तीला आला, त्याने माळ्यावर ती ओळीने लावलेली नारिंगी खोकी बघितली आणि "पाना विसरलो, आलोच" म्हणून जो गेला तो आजतागायत आलेला नाही. आम्ही पोट धरधरून हसलो होतो. आम्हाला त्या खुणेचं काही वाटेनासंच झालं होतं.

तर पुस्तकांचं. विद्यापीठातल्या जीवशास्त्र विभागाचा प्रमुख हा वन्संचा जुना विद्यार्थी. आता त्याचंच डोकं पांढरं झालंय, पण वन्संसमोर अजून खुर्चीच्या टोकावर बसतो. विभागात विषाणूशास्त्र नव्याने शिकवायला लागले, तर त्याने मॅडमना एक तास घ्यायला बोलावलं. वन्सं मोठ्या खुशीत गेल्या आणि तोंड पाडून आल्या.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"अगं, अख्ख्या वर्गात एक पुस्तक. तेही ग्रंथालयातून बाहेर नेता येत नाही. मुलं त्याचे फोनवर फोटो काढतात आणि एकमेकांना पाठवतात. मी बघितले ते फोटो. प्रत्येक पानावर कोणाचातरी अंगठा."

"मग त्यात काय एवढं? अंगठ्याच्या आजूबाजूचं वाचायचं."

"अंगठ्याखाली महत्त्वाचं वाक्य होतं!" त्या एवढ्या कळवळून म्हणाल्या की मी पुढची थट्टा गिळली.

दोन-तीन दिवस त्या खोलीतून बाहेर येईनात. मग एकदा चहाला बसल्या असताना म्हणाल्या, "मी सगळी पुस्तकं विभागाला देते." ह्यांच्या हातातला कप तसाच राहिला. ह्यांना बहिणीचं भारी कौतुक. "ताई, सगळी? एखादं तरी ठेव," असं म्हणाले. त्यावर वन्सं म्हणाल्या, "बाळ्या, मी वाचून काय करू? त्यात काय आहे ते मला माहीत आहे. ज्याला माहीत नाही त्याच्याकडे पुस्तक पाहिजे." साठी उलटलेल्या माणसाला बाळ्या म्हणणारं जगात हे एकच माणूस उरलंय.

मला आतून उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू. त्या खोलीत दोन कपाटं जरी मोकळी झाली तरी माझं शिवणाचं मशीन खिडकीशी आलं असतं. पण वन्सं एकेक पुस्तक काढून, पुसून, मांडीवर घेऊन बसायला लागल्या तेव्हा मला मशीनचा विषय काढवेना. कुठल्याशा पुस्तकासाठी त्यांनी तरुणपणी म्हणे वर्षभर नवीन कपडा घेतला नव्हता. एक कोणीतरी परदेशातून बोटीने पाठवलं होतं, ते आलं तेव्हा कडेने भिजलेलं होतं, आणि त्यांनी प्रत्येक दोन पानांच्या मधे कोरा कागद घालून ते वाळवलं होतं. आम्ही एवढी वर्षं एका घरात राहतो, पण हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

विभागप्रमुखाचा फोन आला. काचेचं कपाट करतो म्हणाला, वर मॅडमच्या नावाची पाटी लावतो, उद्घाटन ठेवतो.

"काच नको, कुलूप नको, पाटी नको," वन्संनी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. "उघड्या फळीवर ठेव. मुलांना घरी नेऊ दे. हरवली तर हरवू दे, फाटली तर फाटू दे. मला एवढंच हवंय की ती कोणीतरी वाचावीत. बाकी काही नको."

फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळून परत म्हणाल्या, "फाटली म्हणजे वाचली ना." एरवी आमच्या घरात वर्तमानपत्राची घडी मोडली तरी बोलणी खावी लागतात. त्यांना ही पुस्तकं वाचली जायला किती हवी होती ते मला त्या वाक्याने कळलं.

बांधाबांध त्यांनी स्वतः केली. मला हात लावू दिला नाही. माळ्यावरची रिकामी खोकी ह्यांना काढायला लावली, पुस्तकं त्यात मापून बसवली, कोपऱ्यांत कागदाचे बोळे घातले, रुंद चिकटपट्टीने बंद केली. प्रत्येक खोक्यात वरती एक चिठ्ठी ठेवली, त्यातलं कुठलं पुस्तक आधी वाचायचं आणि कुठलं पहिल्या वर्षात मुळीच उघडायचं नाही ते सांगणारी. बाहेरून काही लिहिलं नाही. टेम्पोवाल्याला तोंडीच बजावलं, जीवशास्त्र विभाग, सांभाळून, आपटायचं नाही. तो गेल्यावर त्यांची खोली दात काढलेल्या तोंडासारखी दिसायला लागली. त्या दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "किती उजेड येतो गं इथे."

पुढचं सगळं आम्हाला नंतर कळलं. विभागप्रमुख परीक्षेच्या कामाला बाहेरगावी गेला होता. टेम्पो पोहोचला तेव्हा लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावर एवढा भार चढवायचा कोणी, म्हणून ऑफिसातल्या कोणीतरी वरूनच सांगितलं, मागच्या दाराशी ठेवून जा, उद्या बघू. मागच्या दाराशेजारी विद्यापीठाची भट्टी आहे. प्रयोगशाळांचं टाकाऊ तिथेच आणून ठेवतात.

त्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वन्सं फोन उशाशी घेऊन बसलेल्या. "लावत असतील फळीवर," असं आपलं आपणच म्हणायच्या. मग विभागप्रमुखाचा आला. वन्संना ऐकायला कमी येतं म्हणून फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे आम्हालाही ऐकू आलं.

"मॅडम, कसं सांगू तेच कळत नाही. मी इथे नव्हतो. आपली पुस्तकं... आमच्या भट्टीवाल्या मामांनी जाळली."

मी हातातली भाजी तशीच टाकून उठले.

"सगळी?" वन्संनी विचारलं.

"सगळी, मॅडम. खोक्यांवर म्हणे ती खूण होती. पण पुस्तकं होती हो! माणसाने बघायचं की नाही? मी त्याला सोडणार नाही. कुलसचिवांकडे बैठक लावलीय, तुम्ही फक्त या. त्याला घरीच बसवतो."

वन्संनी फोन ठेवला. माळ्याखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि वर बघत राहिल्या. मीही बघितलं. माझ्या रजयांच्या खोक्यावरची नारिंगी खूण चांगली ढळढळीत दिसत होती. ज्या बाईने ती खूण जगाला शिकवली तिनेच आपली पुस्तकं त्यात भरून भट्टीच्या दारात पाठवली होती. आणि आम्ही तिघंही ती खोकी टेम्पोत चढवताना बघत उभे होतो.

मी व्यवहारी बाई आहे. म्हटलं, "वन्सं, तुम्ही काही बोलू नका. खोकी कुठून आली हे कोणी विचारणार नाही. टेम्पोवाल्याने बदलली असतील. तिथे जायचं, झालं ते वाईट झालं म्हणायचं आणि यायचं." ह्यांनीही मान हलवली. वन्सं अजून माळ्याकडेच बघत होत्या. माझा राग त्या मामांवर होता आणि तो चांगला सणसणीत होता. एका माणसाच्या एका काडीने एका बाईचा जन्म जाळला होता. त्याला घरी बसवायलाच पाहिजे होतं.

बैठकीला मी बरोबर गेले. कुलसचिवांची खोली म्हणजे लांबलचक टेबल, त्यावर काच, काचेखाली जुनी कॅलेंडरं. पलीकडे कुलसचिव, बाजूला विभागप्रमुख, आणि दाराजवळ मामा. मी मनात कोणीतरी राकट, दांडगा माणूस धरला होता. प्रत्यक्षात किडकिडीत, म्हातारा, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. त्यांची नोकरी संपायला थोडीच वर्षं राहिली होती, हे मला बाहेर शिपायाने सांगितलं होतं. काढून टाकलं असतं तर पेन्शनही गेलं असतं. त्यांना बसा म्हणून कोणी सांगितलं नाही.

"मामा," कुलसचिव म्हणाले, "या मॅडमची पुस्तकं होती. आयुष्यभराची. काय बोलायचंय?"

मामांनी वन्संकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, तुमची होती? मला खरंच माहीत नव्हतं." मग कुलसचिवांना म्हणाले, "साहेब, खोक्यावर खूण होती. खूण असली की त्याच दिवशी जाळायचं. मला या मॅडमनीच शिकवलंय."

"ते ठीक आहे हो. पण एका खोक्याची पट्टी सुटली होती ना? तुम्हीच जबाबात सांगितलंय. आत काय दिसलं?"

"पुस्तकं."

"बघा!" विभागप्रमुख जवळजवळ उठलाच. "पुस्तकं दिसली, तरी जाळली! मॅडम, आता तुम्हीच सांगा."

माझ्या कानाची पाळी तापली. बघून जाळली? त्या क्षणी मला वन्संनी त्या माणसाला उभं आडवं झापायला हवं होतं. त्या मात्र मामांकडे बघत होत्या, मुलाला तोंडी परीक्षेत विचारावं तसं.

"पुस्तकं दिसल्यावर तुम्ही काय केलंत?"

"पट्टी परत चिकटवली, मॅडम. मग हात धुतले, साबणाने, कोपरापर्यंत. मग भट्टी लावली."

"काढून बघावंसं नाही वाटलं?"

"वाटलं ना. चांगली जाड पुस्तकं होती. माझी नात शिकते, मला वाटलं कोणाच्यातरी कामाची असतील. पण तुम्ही सांगितलं होतं, डोळ्यांना कागद दिसतो."

कुलसचिवांनी घसा खाकरला. "नियम आहेत, मान्य. पण माणसाने थोडी अक्कल वापरायची की नाही? मॅडम, तुम्ही तक्रार द्या, बाकीचं आम्ही बघतो."

"नाही वापरायची," वन्सं म्हणाल्या.

"काय?"

"अक्कल. तिथे अक्कल वापरायची नाही. आमच्या कारकुनाने वापरली होती." त्या उठून उभ्या राहिल्या. मी त्यांचा पदर ओढला, तो त्यांनी सोडवून घेतला. "ती खोकी माझी. मी भरली, मी बंद केली, मी पाठवली. खोकं दुसऱ्या कामाला घ्यायचं असेल तर आधी खूण खोडायची, हाही नियम माझाच आहे. तो मी मोडला. या माणसाने एकही मोडलेला नाही. त्यांच्या जागी मी असते आणि पट्टी सुटून मला माझीच पुस्तकं दिसली असती, तरी मी हेच केलं असतं. बरोबर केलंत, मामा."

विभागप्रमुखाचं तोंड एवढंसं झालं. त्याला मॅडमची चूक झाली यापेक्षा मॅडमनी ती सगळ्यांसमोर सांगितली याचाच धक्का बसला असावा. "मॅडम, पण मुलं... फळी तयार ठेवली होती आम्ही," एवढंच म्हणाला. वन्सं म्हणाल्या, "हो. ते वाईटच झालं." कुलसचिवांनी कागद फायलीत घातला आणि मामांना जायला सांगितलं. मला त्या माणसावर चिडायचं होतं आणि आता कोणावर चिडावं ते कळत नव्हतं. शेवटी मी टेम्पोवाल्यावर चिडले.

बाहेर आलो तर मामा जिन्याशी उभे होते. वन्सं त्यांच्यापाशी गेल्या.

"मामा, एक विचारायचं राहिलं. जाड पुस्तक मधून जळत नाही. कडा जळतात आणि आतली पानं तशीच राहतात. बघितलंत का?"

"बघितलं, मॅडम. राख काढताना निघाली की तशी. बरीच होती. मधली पानं अगदी पांढरी."

"अक्षरं दिसत होती?"

"वाचता येत होतं, मॅडम."

वन्संनी जिन्याचा कठडा धरला. "मग?"

"मग परत भट्टी लावली," मामा म्हणाले. "पूर्ण जळेपर्यंत थांबलो. काही राहिलं नाही."

"एकही पान नाही?"

"एकही नाही."

"छान," वन्सं म्हणाल्या. "अगदी छान केलंत." आणि तिथेच जिन्यावर बसून त्या ओक्साबोक्शी रडायला लागल्या.